बारा मिनिटांत साडेतेराशे मीटर

आदरणीय ताई,

मी खटाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. यंदा पुण्यात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आले, वसतिगृहात राहते. पहिल्या सत्रात आम्हाला आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा विषय आहे. जुलैपासून वही ठेवायची होती. वजन, सकाळची नाडी, झोप, जेवण आणि बारा मिनिटांची धाव, सगळं त्यात लिहायचं. आता शेवटी 'मी काय शिकले' यावर आठशे शब्दांचं मनोगत द्यायचंय, त्याला गुण आहेत.

माझी उंची 155 सेंटिमीटर, वजन 58 किलो. जिममधल्या तक्त्याप्रमाणे माझं वजन जास्त आहे, मोबाइलमधलं ॲप म्हणतं बरोबर आहे. खोलीतल्या मुली मला 'भरलेली' म्हणतात. सप्टेंबरात तीन आठवडे रात्रीचं जेवण सोडलं. अडीच किलो उतरलं, दिवाळीत घरी गेले आणि सगळं परत आलं. धावण्यात जुलैला 1350 मीटर, नोव्हेंबरला 1400. वर्गात शेवटून तिसरी. मैत्रिणींच्या मनोगतांत 'आत्मविश्वास वाढला', 'जीवनशैली बदलली' असं लिहिलंय. माझं काहीच बदललं नाही. गावी मी कधी व्यायाम केला नव्हता, आणि आता वाटतं मी मुळातच आळशी आहे. मी खोटं लिहू का?

तुमची, एक विद्यार्थिनी

ता. क. ऑक्टोबरात कॉलेजमध्ये तपासणी शिबिर होतं, त्यात हिमोग्लोबिन 9.6 आलं. लाल गोळ्या दिल्या होत्या, मळमळायला लागलं म्हणून सहा दिवसांनी बंद केल्या. सोबत वहीच्या पानांचे फोटो पाठवते.

*

बाळ,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ताजा कलमाशी थांबले. वजन, तक्ता, धाव, खोलीतल्या मुलींची बोलणी, हे सगळं तू सविस्तर लिहिलंस. ज्या आकड्यात या सगळ्याचं निम्मं उत्तर आहे, तो मात्र सही करून झाल्यावर आठवला म्हणून लिहिलास. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

हिमोग्लोबिन 9.6. गरोदर नसलेल्या बाईच्या दर 100 मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन निदान 12 ग्रॅम असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. 11 ते 11.9 म्हणजे सौम्य रक्तक्षय, 8 ते 10.9 मध्यम, 8 च्या खाली तीव्र. तू मधल्या गटात आहेस. याचा धावण्याशी काय संबंध ते नीट समजून घे, तू विज्ञानाची विद्यार्थिनी आहेस. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन 12 असलेल्या मुलीच्या 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 16 मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. तुझ्या तेवढ्याच रक्तात 13 सुद्धा नाही. म्हणजे शेजारच्या पट्ट्यात धावणारी मुलगी पाच घागरी पाणी घेऊन निघाली असेल, तर तू चार घेऊन निघालीस. स्नायूंना तर तिच्याइतकंच पाणी लागतं. मग हृदयाला जास्त खेपा माराव्या लागतात. तुझ्या वहीत झोपेतून उठल्याउठल्या घेतलेली नाडी जुलैत 88 आहे आणि नोव्हेंबरात 90. अठरा वर्षांच्या मुलीची, अंथरुणातून उठायच्या आधी. ती नाडी चार महिने रोज तुला काहीतरी सांगत होती. तू ती इमानदारीने लिहून घेतलीस आणि पान उलटलंस.

वसतिगृहाचे तीन जिने चढल्यावर छातीत धडधडतं, प्रॅक्टिकलला उभं राहून पाय गळून जातात, दुपारच्या तासाला डोळे मिटतात, असं तू ठिकठिकाणी लिहिलंयस आणि प्रत्येक वेळी पुढे कंसात 'आळस' असा शेरा मारलायस. तो शेरा खोडून टाक.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, तेही ऐक. मी तीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तालुक्याच्या स्पर्धेसाठी 800 मीटरची निवड घेत होते. नववीतली एक मुलगी दुसऱ्या फेरीत चालायला लागली. मी मैदानाच्या मधून ओरडले, "मुद्दाम चालतेस!" आणि तिला आणखी एक फेरी मारायला लावली. ती निमूट निघाली आणि वळणावर खाली बसली. पुढे महिन्याभराने शाळेत आरोग्य तपासणी झाली, तेव्हा तिचं हिमोग्लोबिन 7 च्या आसपास होतं. मी तिच्या घरी जाऊन तिची आणि तिच्या आईची माफी मागितली. पण त्या महिनाभरात ती वर्गात 'आळशी' म्हणून ओळखली जात होती, आणि ते नाव मी दिलेलं होतं. तेव्हापासून शिट्टी तोंडात घालण्याआधी मी मुलींच्या पापण्या खाली ओढून रक्त कमी आहे का ते बघायला लागले.

तू एकटी नाहीस, हेही सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. तुझ्या वर्गात जेवढ्या मुली त्या दिवशी धावल्या, त्यांतल्या कितीजणींचं रक्त कमी होतं हे कुणी पाहिलं नाही. आधी रक्त तपासून मग धाव घेतली असती, तर तो निकाल फार वेगळा वाचला गेला असता. हे तुझ्या सरांना किंवा मॅडमना जरूर सांग. पुढच्या तुकडीसाठी शिबिर ऑक्टोबरात न घेता जुलैत, धावायच्या आधी घ्या, एवढंच म्हण. चांगले शिक्षक असतील तर ऐकतील.

आता त्या लाल, म्हणजे लोहाच्या, गोळ्या. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पहिलं काम डॉक्टरांकडे जाण्याचं. कॉलेजचे डॉक्टर असतील तर ते, नाहीतर जवळचा सरकारी दवाखाना. शिबिरात बोटाला टोचून काढलेल्या आकड्यावर थांबू नकोस, सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची पूर्ण तपासणी, करून घे. रक्त कमी असण्याची सगळी कारणं लोहाची नसतात. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा अंश असला तरी हिमोग्लोबिन कमी दिसतं, आणि त्यावर लोहाच्या गोळ्या हे उत्तर नव्हे. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही आढळतो. जंत हेही एक कारण असतं, त्यासाठी एक गोळी पुरते. आणि डॉक्टरांना पाळीबद्दल न लाजता सांग. सात दिवसांहून जास्त जाते का, तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, गाठी पडतात का. वहीत तू झोपेचे तास लिहिलेस, पाण्याचे ग्लास लिहिलेस, पाळीचा मात्र चार महिन्यांत एकही उल्लेख नाही. वही मॅडम बघणार म्हणून लिहिलं नसशील, मला कळतं. पण दर महिन्याला रक्त जातं आणि रक्ताचा आकडा कमी येतो, या दोन गोष्टी एकाच पानावर यायला हव्या होत्या.

लोहाचीच कमतरता निघाली, तर गोळ्या पुन्हा सुरू होतील. मळमळ बऱ्याचजणींना होते. उपाशीपोटी घेतलेली गोळी जास्त लागू पडते हे खरं, पण मळमळून सहाव्या दिवशी बंद पडणाऱ्या गोळीपेक्षा जेवणानंतर घेतलेली आणि तीन महिने चालू राहिलेली गोळी कितीतरी बरी. रात्री जेवून झोपताना घेतलीस तर मळमळ झोपेत निघून जाते. एक दिवसाआड घेतली तर चालेल का, हेही डॉक्टरांना विचार, हल्ली बरेच डॉक्टर तसं देतात. शौचाला काळी होते, तिला घाबरू नकोस. चहा किंवा दुधाबरोबर मात्र गोळी घेऊ नकोस. आणि आकडा 12 वर गेला की लगेच थांबायचं नसतं, शरीराचा साठा भरायला पुढेही काही महिने लागतात. साधारण महिन्याभरात पहिला फरक दिसतो, तो दिसला नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे.

जेवणाचं सांगते. आपल्या देशातल्या प्रौढ बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींत आहे. पुरुषाला 19. बाईचं ताट पुरुषाच्या ताटापेक्षा मोठं हवं, असा याचा अर्थ नाही, पण जास्त सकस हवं असा नक्कीच आहे. आणि आपल्या घरांत होतं नेमकं उलटं. तू सप्टेंबरात काय केलंस बघ. आधीच लोह कमी, त्यात एका वेळचं जेवण कापलंस. 11 सप्टेंबरची तुझी नोंद माझ्यासमोर आहे, 'रात्री जेवले नाही. सकाळी प्रॅक्टिकलला डोळ्यांपुढे अंधारी आली. वजन 400 ग्रॅम कमी, छान वाटलं.' ही तीन वाक्यं एकापाठोपाठ वाचताना माझ्या पोटात कालवलं, बाळ.

मेसमध्ये जे मिळतं त्यातूनच बरंच होईल. सकाळच्या पोह्यांबरोबर चहा पितेस, तो तासभर पुढे ढकल. चहातले घटक जेवणातलं लोह अडवतात. पोह्यांवर आणि आमटीवर लिंबू पिळ, लिंबू लोहाला आत घेतं. मटकीची, हरभऱ्याची उसळ असेल त्या दिवशी दोन वाट्या घे. पालेभाजीला नाक मुरडू नकोस. आता पेरू आणि आवळ्याचे दिवस आहेत, दोन्ही स्वस्त आहेत. खोलीत फुटाणे आणि शेंगदाणे ठेव. आईला सांगून अळिवाचे लाडू मागव, ते फक्त बाळंतिणीचे नसतात. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं या समजुतीवर मात्र विसंबू नकोस. आणि हे सगळं गोळ्यांबरोबर करायचं आहे, गोळ्यांऐवजी नाही. 9.6 वरून नुसत्या लाडवांनी वर येणं फार अवघड आहे.

मैत्रिणीची प्रोटीन पावडर घ्यावी का, असं वहीच्या कोपऱ्यात लिहिलंयस. तुझ्या 58 किलोला दिवसाला साधारण 48 ग्रॅम प्रथिनं लागतात. डाळ, उसळ, दही आणि तू खातेस ती अंडी यांत ती बसतात. पावडरीच्या डब्याच्या पैशांत महिनाभर रोज अंडी येतील.

आता तो तक्ता आणि ते ॲप. दोघंही खरं बोलतायत. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, 24.1 येतो. जगभरासाठी वापरतात ती सीमा 25 आहे, भारतीयांसाठी 23. कारण आपल्या लोकांना मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनावरच गाठतात. जिमने भारतीय सीमा लावली, ॲपने जागतिक. पण हे माप मुळात कुणी आणि कशासाठी काढलं? अदोल्फ केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने, 1830 च्या दशकात, हजारो माणसांचा सरासरी बांधा अभ्यासायला. एकट्या मुलीला आरशासमोर उभं करून निकाल द्यायला ते केलेलंच नव्हतं. त्यात हाड किती, स्नायू किती, चरबी किती आणि कुठे, काही कळत नाही. म्हणून शिंप्याची टेप घे. भारतीय बायकांसाठी कमरेच्या घेराची सीमा 80 सेंटिमीटर. तुझ्या वहीत पहिल्याच पानावर 74 लिहिलंय. झालं तर मग. वजनकाट्यावर निदान फेब्रुवारीपर्यंत चढू नकोस.

आणि जेवण सोडावंसं पुन्हा वाटायला लागलं, पोळ्या मोजण्यात दिवस जायला लागला, खाल्ल्यावर अपराधी वाटायला लागलं, तर ते मनात ठेवू नकोस. कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा, नाहीतर 14416 या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर बोल. तीन आठवड्यांत तू स्वतःहून जेवायला परतलीस, ही तुझ्या वहीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. तू तिला हार म्हटलंयस.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला मुळीच पटलं नाही. 'गावी मी कधी व्यायाम केला नव्हता.' खटावातल्या मुलीने हे म्हणावं? हापशावरून भरलेली कळशी कमरेवर घेऊन घरी येणं, वैरणीचा भारा उचलणं, सुगीत दिवसभर वाकून काढणी करणं, शाळेची वाट चालणं, हे सगळं तू केलं असणार. शरीराला त्याचं नाव कळत नाही, काम कळतं. शहरात आलीस आणि बूट, ट्रॅकपँट आणि घड्याळ असलं तरच तो व्यायाम, असं तुला वाटायला लागलं. त्या घड्याळातल्या दहा हजार पावलांचंही फार मनावर घेऊ नकोस. तो आकडा 1965 साली जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या वैद्यकीय चाचणीतून नाही. तुझ्याच तालुक्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी शंभर वर्षांपूर्वी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार घालून घेत होते. त्याला लागते एक सतरंजी अंथरण्याएवढी जागा. आणि शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी एखादी भारतीय बाई ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली, ती आपल्या दुष्काळी मुलखातून. तू तिच्यासारखी धावावंस असं मी म्हणत नाही. त्या मातीत आळस नसतो, एवढंच म्हणते.

बारा मिनिटांची ती चाचणी केनेथ कूपर या डॉक्टरने 1968 मध्ये अमेरिकन हवाई दलातल्या जवानांसाठी मांडली. ती त्या दिवशीच्या तुझ्या दमाचं माप देते, तेवढंच. तू पहिली फेरी सगळ्यांबरोबर जोरात धावलीस आणि तिसऱ्या फेरीत पोटात कळ आली, असं जुलैत लिहिलंस. नोव्हेंबरात लिहिलंस, 'पहिली फेरी मुद्दाम सावकाश, शेवटचे शंभर मीटर पळू शकले.' कमी रक्ताने, तीन आठवड्यांच्या अर्धपोटी सत्रानंतर, तू 50 मीटर जास्त गेलीस, कारण तू वेग राखायला शिकलीस. मी मैदानावर असते तर तुझ्या पाठीवर थाप मारली असती.

रक्त वर येईपर्यंत शर्यत नको. डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज अर्धा तास चाल, बरोबरच्या मैत्रिणीशी बोलता येईल इतक्या वेगाने. बोलताना वाक्य तुटलं की वेग कमी कर. आठवड्यातून दोनदा हलके सूर्यनमस्कार, चक्कर आली तर लगेच थांबायचं. रात्रीचे दीड वाजेपर्यंतचे मोबाइल बंद कर, त्यावर जास्त लिहीत नाही. सकाळची नाडी मात्र लिहीत राहा. ती 90 वरून खाली यायला लागली की समज, घागर भरत चाललीय.

आता तुझा प्रश्न. खोटं लिहू नकोस. तुझ्याकडे चार महिन्यांच्या तारखा आहेत, आकडे आहेत, त्याच क्रमाने लिही. कुठली नोंद तेव्हा कळली नाही आणि आज कशी वाचता येते, ते लिही. कंसातले 'आळस' हे शेरे किती वेळा मारलेस ते मोज आणि तो आकडाही घाल. 11 सप्टेंबरची तीन वाक्यं जशीच्या तशी दे. पाळीबद्दल लिहायचं की नाही हे तू ठरव, ती तुझी खासगी गोष्ट आहे. आठशे शब्द कमी पडतील तुला. यावर कुणी गुण कापले, तर मला कळव, मी त्यांना स्वतः पत्र लिहीन.

आणखी एक काम सांगते. वहीच्या दिवाळीच्या पानावर तू लिहिलंयस, 'आई सगळ्यांचं झाल्यावर जेवली, तेव्हा भाजी संपली होती. तिला हल्ली चढावर दम लागतो, वय झालं म्हणते.' तुझी आई चाळिशीच्या आसपासच असेल. नाताळच्या सुट्टीत जाशील तेव्हा तिला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, गावातल्या आशाताईंना बरोबर घे. हिमोग्लोबिनची तपासणी तिथे होते. ती नाही म्हणेल, रानातलं काम आहे म्हणेल. तुझी वही तिला वाचून दाखव, मग येईल.

फेब्रुवारीत मला दोन आकडे कळव, तुझा आणि आईचा.

तुझी ताई